चुंबकाच्या काट्याचे राखणदार : नानाभाई मूस

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज लोहखनिजासाठी ओळखला जातो. तेथील माडिया गोंड समाजाच्या लेखी तो आधी ठाकूरदेवाचा डोंगर आहे आणि मग खाणीचा. या डोंगरावरील खनिज घेऊन एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्याने अवजड वाहने धावू लागली आणि विकास, जंगल, जमिनीवरचा हक्क यांविषयीचे अनेक प्रश्न त्या रस्त्यावर उभे राहिले. ते प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु लोखंड, चुंबक आणि वाहन या तिघांचा विचार करताना त्याच प्रवासात आणखी एका माणसाची आठवण व्हायला हवी. हा माणूस एटापल्लीला कधी गेल्याची नोंद नाही, आणि मोटारीशीही त्याचा व्यावसायिक संबंध नव्हता. तथापि आजच्या मोटारीच्या स्टिअरिंगमधील एका लहानशा चुंबकाला जी अडचण रोज सोडवावी लागते, ती त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत ओळखली आणि आपल्या पद्धतीने सोडवली. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे त्याचे नाव.

अडचण कोणती, हे आधी समजून घ्यावे लागेल. पूर्वी मोटारीचे चाक वळवायचे म्हणजे मनगटाचा जोर लावणे आले. पुढे तेलाच्या दाबाची मदत मिळाली, आणि १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सेर्वो या छोट्या गाडीत स्टिअरिंग कॉलमलाच विजेची मोटर जोडण्यात आली. आज आपल्याकडील बहुतेक नव्या मोटारींत चालकाच्या मदतीला अशीच विजेची मोटर असते. पण ही मदत किती आणि कोणत्या दिशेला द्यायची, हे मोटरला कळावे कसे? त्यासाठी कॉलममध्ये दोन गोष्टी सतत मोजाव्या लागतात. चालकाने चाक किती अंशांनी फिरवले ही एक, आणि त्यासाठी किती जोर लावला ही दुसरी. जोर मोजण्यासाठी कॉलमच्या मध्ये एक बारीक दांडी बसवलेली असते. चालकाने जोर लावला की ती किंचित पिळली जाते. तिच्या एका टोकाला चुंबकाचे कडे असते आणि दुसऱ्या टोकाकडे त्या चुंबकाचे क्षेत्र टिपणारी अर्धवाहकाची चकती. अंश मोजण्यासाठी वेगवेगळ्या संख्येचे दाते असलेली दोन छोटी चक्रे चुंबकांना फिरवतात. एकच चक्र असते तर पूर्ण फेरी झाल्यावर मोजणी पुन्हा शून्यापाशी आली असती. दोन चक्रे मात्र निरनिराळ्या गतीने फिरत असल्यामुळे त्यांच्या स्थितींची जोडी पाहून चाक कितव्या फेरीत आहे, तेही समजते. चुंबक आणि चकती यांचा परस्परांना स्पर्श नाही, त्यामुळे त्यांची झीज नाही. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीजप्रवाह सोडून त्यावर चुंबक धरला, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये अत्यंत सूक्ष्म विद्युतदाब निर्माण झालेला त्याला आढळला. आजच्या अशा अनेक चकत्या त्याच तत्त्वावर चालतात.

या व्यवस्थेचा मुख्य शत्रू म्हणजे परका चुंबक. ज्या मोटरला ही चकती माहिती पुरवते, ती मोटर हातभर अंतरावर असते आणि भर वळणावर पन्नास अँपिअरच्या पुढेही प्रवाह ओढू शकते. जेथे प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र. ते क्षेत्र चकतीपर्यंत पोहोचले, तर चाक न फिरवताही ते फिरल्याचा भास होऊ शकतो. रस्त्यावर अशा भासाचा अर्थ काय, हे सांगायला नको. जे मोजायचे आहे ते एक क्षेत्र आणि शेजारच्या विजेने आणलेले दुसरे क्षेत्र, ही दोन्ही वेगळी कशी करायची? नानाभाई मूस यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम याच प्रश्नाभोवती उभे राहिले.

मूस यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात १८५९ मध्ये झाला. हे वर्ष त्यांच्या पुढील आयुष्याशी विलक्षण जुळणारे आहे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या १ आणि २ तारखांना पृथ्वीवर आजवर नोंदले गेलेले सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ झाले. सूर्यावरील स्फोट डोळ्यांनी पाहणाऱ्या रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलवेत्त्याच्या नावाने ते ओळखले जाते. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली आणि उष्ण कटिबंधाच्या जवळपासही ध्रुवीय प्रकाश दिसला. त्या वेळी मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, कर्मचारी दुर्बिणीतून चुंबकाची हालचाल पाहून आकडे वहीत उतरवीत होते. त्या वहीचे मोल पुढे मूस यांच्या हातून प्रकट व्हायचे होते.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली ती बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. १८४१ मध्ये तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी चुंबकाची निरीक्षणे घेण्याची कल्पना रुजवली होती. तिचाच हा एक धागा होता. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांनी आरंभीची धुरा वाहिली. १८४६ पासून येथील नोंदी सलग मिळतात. रेशमाच्या धाग्यांनी टांगलेला चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा आणि दूरवर लावलेली दुर्बीण अशी ती रचना होती. चुंबक केसाएवढा हलला तरी आरशातील प्रतिमा पट्टीवर लक्षात येण्याइतकी सरकते. पुढे दुर्बिणीची जागा प्रकाशकिरणाने आणि वहीची जागा घड्याळावर फिरणाऱ्या छायाचित्रणाच्या कागदाने घेतली. मग चुंबक आपली कहाणी दिवसरात्र स्वतःच रेखू लागला. टांगलेल्या चुंबकाची स्थिती स्पर्श न करता मोजणे, हेच या सगळ्याचे सार होते. स्टिअरिंगमधील पिळली जाणारी दांडी आणि कुलाब्याचा पिळला जाणारा धागा यांचे नाते दूरचे असले, तरी ते एकाच कुळातले आहे.

तरुण मूस यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नंतर स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात विज्ञानाचे अध्ययन केले. बांधकामाचे भान आणि भौतिकशास्त्राची शिस्त, असा दुहेरी पाया त्यांना लाभला. या दोन्ही गोष्टी पुढे एकाच कामात उपयोगी पडल्या. १८९६ मध्ये, चार्ल्स चेंबर्स यांच्या निधनानंतर, मूस कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. सरकारी वैज्ञानिक संस्थांच्या सर्वोच्च जागा त्या काळी बहुधा विलायतेतून आलेल्यांकडेच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या नेमणुकीचे वेगळेपण कळते. वर्षही साधे नव्हते. त्याच वर्षी मांडवीतून प्लेगची साथ मुंबईभर पसरली आणि शहर ओस पडू लागले. अशा काळातही वेधशाळेची घड्याळे चालू राहावी लागतात, कारण एक दिवस सुटला तर तो पुन्हा मिळवता येत नाही.

मूस यांच्या कारकीर्दीत वेधशाळेच्या कामाला भूकंपविज्ञानाचीही जोड मिळाली. १८९७ मध्ये आसामला विनाशकारी भूकंप झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, कुलाब्यात मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र बसवण्यात आले. भारतातील अशा नोंदींच्या परंपरेतील हे आरंभीचे पाऊल होय. परंतु मूस यांच्यासमोरचे खरे संकट भूगर्भातून येणारे नव्हते. ते शहराच्या रस्त्यावरून येत होते.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रॅम धावत होत्या. एकोणिसावे शतक संपता संपता त्या विजेवर चालवण्याचा विचार पुढे आला. नागरिकांच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. घोड्यांचे हाल थांबणार होते, वेग वाढणार होता, शहर आधुनिक होणार होते. वेधशाळेच्या दृष्टीने मात्र ती मृत्युघंटाच होती. विजेच्या ट्रॅमचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. रूळ जमिनीवर टेकलेले असल्याने त्यातील काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तिकडे भटकतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारी शेजारी असता तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बव्हंशी छेदून टाकतील. भटक्या प्रवाहामुळे तो तोल राहत नाही. प्रत्येक ट्रॅम सुटताना व थांबताना टांगलेला चुंबक थरथरणार आणि कागदावर सूर्याच्या लहरींऐवजी ट्रॅमचे वेळापत्रक उमटणार, अशी ही स्थिती होती.

हे संकट केवळ मुंबईवरचे नव्हते. कॅनडातील टोरांटोच्या वेधशाळेचे चुंबकीय काम ट्रॅममुळेच १८९८ मध्ये शहराबाहेर अजिनकोर्टला न्यावे लागले. लंडनजवळच्या क्यू येथील प्रख्यात चुंबकीय वेधांनाही त्याच कारणाने स्थलांतर करावे लागले आणि १९०८ मध्ये स्कॉटलंडमधील निर्जन एस्कडेलम्युअर येथे नवी वेधशाळा सुरू झाली. मूस यांच्यासमोर तीन वाटा होत्या. ट्रॅम अडवावी, वेध बंद करावेत किंवा वेधशाळा हलवावी. शहराची गरज अडवून धरण्यात अर्थ नव्हता आणि अर्धशतकाहून अधिक काळ जपलेली मालिका तोडणे परवडणारे नव्हते. वेधशाळा हलवण्याची तिसरी वाट तेवढी उरली.

जागा निवडली ती अलिबागची. मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, आंग्र्यांच्या किल्ल्यासमोरचे हे शांत गाव. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे ते मुख्य ठाणे होते. म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातील चुंबक दुसऱ्या कुलाब्यात आला, असे म्हणता येईल. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. जागा मुंबईपासून इतकी दूर की ट्रॅमचा उपद्रव पोहोचू नये आणि इतकी जवळ की दोन्ही ठिकाणचे चुंबकत्व सारख्याच चालीने बदलावे. हा समतोल मूस यांच्या निवडीत दिसतो.

इमारत बांधतानाही सोपे काही नव्हते. कोकणातील आणि दख्खनमधील काळा बसाल्ट स्वतःच किंचित चुंबकी असतो. घरासाठी उत्तम ठरणारा हा दगड चुंबकमापनाला घातक. म्हणून अलिबागच्या वेधशाळेसाठी पोरबंदरचा चुंबकविरहित दगड वापरण्यात आला. लोखंड कटाक्षाने टाळून जोडकामासाठी तांबे आणि पितळ वापरले गेले. तापमान बदलले की चुंबकाची ताकदही बदलते, म्हणून आतील हवा शक्य तितकी एकसारखी राहील अशी खोलीची रचना केली गेली. स्थापत्य शिकलेला भौतिकशास्त्रज्ञ संचालकपदी असण्याचा लाभ येथे दिसून येतो. १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले.

यापुढे मूस यांनी जे केले, त्यातच त्यांच्या शास्त्रीय दूरदृष्टीचा खरा पुरावा आहे. यंत्रे उचलून नव्या जागी मांडली आणि जुनी जागा बंद केली, असे त्यांनी होऊ दिले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. कारण स्वच्छ होते. दोन जागांच्या आकड्यांत काही ठरावीक अंतर असणारच. ते अंतर किती, हे ट्रॅमचा गोंधळ सुरू होण्याआधीच ठरवले, तरच १८४६ पासूनची कुलाब्याची मालिका आणि पुढची अलिबागची मालिका एकमेकींना सांधता येईल. एकदा ट्रॅम धावली की ही संधी कायमची हुकणार होती. मुंबईत विजेची पहिली ट्रॅम ७ मे १९०७ रोजी धावली. तोपर्यंत सांधा पक्का झाला होता.

आजच्या स्टिअरिंगमधील यंत्रणाही याच मार्गाने जाते. एकाच चकतीवर चुंबकक्षेत्र टिपणारे दोन किंवा अधिक घटक थोड्या थोड्या अंतरावर बसवतात आणि त्यांच्या आकड्यांची वजाबाकी करतात. दूरवरून आलेले परके क्षेत्र सर्व घटकांवर जवळजवळ सारखेच पडते, म्हणून वजाबाकीत ते नाहीसे होते. जवळच्या चुंबकाचे क्षेत्र मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, म्हणून तेवढे उरते. गाडीची चाके सरळ रेषेत लावून घेतल्यावर मेकॅनिक स्टिअरिंगचा शून्य नव्याने नोंदवतो, तोही सांधा जुळवण्याचाच प्रकार. मूस यांच्या कामातून हे तंत्र थेट निघाले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण परक्या क्षेत्रापासून दूर राहावे, दोन ठिकाणी मोजून फरक पाहावा आणि शून्य कधी हरवू देऊ नये, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईतील चुंबकीय वेधांचा आणि त्यांवरील चर्चेचा दोन भागांतील ग्रंथ सिद्ध केला. साठ वर्षांच्या तासातासांच्या नोंदींची सरासरी, दुरुस्त्या आणि वर्गवारी गणकयंत्राच्या युगाआधी हाताने करणे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. केवळ आकडे छापून ते थांबले नाहीत. चुंबकीय वादळांचा त्यांनी नव्या दृष्टीने विचार केला. तोवर वादळाच्या नोंदी घड्याळाच्या वेळेनुसार पाहिल्या जात. मूस यांनी वादळ सुरू झाल्याच्या क्षणापासून तास मोजून अनेक वादळांची सरासरी काढली. तेव्हा त्यामागचे समान चित्र स्पष्ट झाले. आधी एकाएकी छोटी उसळी, मग काही तासांत क्षितिजसमांतर क्षेत्राची मोठी घट आणि त्यानंतर काही दिवस चालणारी संथ भरपाई. पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वादळांचा सिद्धांत मांडताना याच पद्धतीने विचार केला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतकणांच्या कड्यामुळे ही घट होते, हे ज्ञान नंतरचे. परंतु त्या कड्याची सावली मूस यांच्या सरासरीत आधीच उमटलेली होती.

१८५९ च्या त्या वहीचे आकडे पुढील पिढ्यांसाठी जतन झाले. २००३ मध्ये ब्रुस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञही होते, कुलाब्याच्या नोंदींचा नव्याने अभ्यास केला. त्या वादळात मुंबईत क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले होते, असे त्यातून दिसले. युरोपातील अनेक यंत्रांचे किरण कागदाबाहेर गेले असताना मुंबईच्या नोंदीने हा आकडा जगाला दिला. आज उपग्रह, वीजवाहिन्यांचे जाळे आणि दळणवळण यांना सौर वादळाचा किती धोका आहे, याचा अंदाज बांधताना हाच आकडा कसोटीचा मानला जातो. मे २००४ नव्हे, तर २००३ च्या शरद ऋतूतील मोठ्या वादळानंतरचे सर्वांत प्रबळ वादळ मे २०२४ मध्ये आले आणि लडाखमधील हान्ले येथून आकाशात लाल प्रकाश दिसला, तेव्हा पुन्हा तुलना झाली ती १८५९ शीच.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. असे वादळ आले म्हणून मोटारीचे स्टिअरिंग बिघडणार नाही. स्टिअरिंगमधील चुंबकाचे क्षेत्र सहसा काही दशक मिलिटेस्ला असते. पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या सुमारे एक हजारांश, आणि १८५९ चे वादळ त्याहूनही कितीतरी लहान. मोटारीला भीती असते ती शेजारच्या तारेची आणि मोटरची. उलट वेधशाळेला मोजायचे असते तेच मुळी इतके सूक्ष्म असते की, रस्त्यावरची एक ट्रॅमही तिचा घास घेऊ शकते. मूस यांच्यापुढील काम किती नाजूक होते, ते या तुलनेवरून ध्यानात येते.

सुमारे दोन तपे वेधशाळेची सेवा करून मूस निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या ट्रॅमने त्यांच्या चुंबकाला मुंबई सोडायला लावली, त्या ट्रॅमचीही अखेरची फेरी ३१ मार्च १९६४ रोजी झाली. अलिबागचे वेध मात्र त्यानंतरही चालू राहिले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि कुलाबा-अलिबागचा वारसा तिच्याकडे आला. जगात इतक्या प्रदीर्घ सलग चुंबकीय मालिका फार थोड्या आहेत. ही मालिका अखंड राहिली त्याचे श्रेय यंत्रांइतकेच वेळेवर घेतलेल्या एका निर्णयालाही आहे.

मूस यांच्या आयुष्यात नाट्यमय प्रसंग फारसे आढळत नाहीत. प्रगतीला विरोध न करता आणि विज्ञानाचे नुकसानही न होऊ देता दोघांनाही वाट करून देणे, हे त्यांनी साधले. आजही रस्ते, वीज, खाणी आणि कारखाने यांची आखणी होताना त्याच्या वाटेवर काही तरी जुने, मोलाचे आणि एकदा तुटले की पुन्हा न जोडता येणारे उभे असते. कधी ती वेधशाळेची मालिका असते, कधी एखादे जंगल, तर कधी एटापल्लीसारख्या तालुक्यातील देवाचा डोंगर. प्रत्येक वेळी अलिबाग सापडेलच असे नाही. डोंगर तर हलवताही येत नाही. पण ट्रॅम धावण्याआधी, हाती वेळ असतानाच, काय हरवणार आहे त्याचे मोजमाप करायला हवे, एवढा धडा नानाभाई मूस यांच्याकडून निश्चितच घेता येईल.